ब्लॅगडनचे डॉक्टर बेल

ब्रिस्टल शहराला पाणी पुरविण्यासाठी इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात यो नदी अडवून ब्लॅगडनचा जलाशय बांधण्यात आला. १९०४ साली तेथे ट्राउटची मासेमारी सुरू झाली. गळाला पिसे आणि रेशीम गुंडाळून केलेली कृत्रिम माशी लावायची, ही तिची रीत. पण या माश्या असत सामन माशासाठी बांधतात तशा मोठ्या, भडक. मासे मिळत, मग बदलायचे कशाला?

त्या परिसरात वैद्यकी करणारे डॉ. हॉवर्ड बेल (१८८८–१९७४) यांनी मात्र पकडलेल्या माशांची पोटे तपासली. आत भडक असे काहीच नव्हते. होते ते ‘बझर’ नावाच्या चिलटासारख्या कीटकाचे इवलेसे कोश. तळच्या गाळात वाढलेली ही अळी कोशात शिरते आणि पंख फुटण्यासाठी हळूहळू वर येते. ट्राउट तिला वाटेतच टिपतो. बेल यांनी काळ्या अंगाची, सोनेरी पट्ट्यांची, डोक्याशी पांढरा झुबका असलेली लहानशी माशी बांधली. संथ पाण्यात प्रवाहाची मदत नसते, म्हणून ती अगदी सावकाश ओढायची. नव्या माशीवर अख्खा दिवस लावणे म्हणजे रिकाम्या हाताने परतण्याची तयारी ठेवणेच. ती त्यांनी ठेवली.

अबोल स्वभावाच्या या माणसाने ग्रंथ लिहिला नाही. त्यांची कीर्ती इतरांच्या लेखणीतून पसरली. गंमत अशी, की त्यांची नारिंगी ‘ग्रेनेडियर’ माशी आजही वापरली जाते, आणि ती कुठल्याच एका कीटकासारखी दिसत नाही.