काडतुसाची मर्यादा : जॉन ब्राउनिंगची जीवनकथा

पी. यु. सी.ला असताना एन. सी. सी.च्या शिबिरात आम्ही एका दुपारी रायफली साफ करीत बसलो होतो. नळीतून दोरीने चिंधी ओढताना हवालदारसाहेबांनी सहज विचारले, की बंदूक आधी की काडतूस आधी? कोंबडी आधी की अंडे आधी, त्यातलाच हा प्रकार समजून आम्ही हसलो. ते मात्र हसले नाहीत. काडतुसाचे नाव न वाचता जो ते बंदुकीत घालतो त्याला बंदुकीला हात लावू देऊ नये, एवढेच म्हणून ते पुढच्या रांगेकडे वळले. पुढे ग्रंथालयात जॉन मोझेस ब्राउनिंग या अमेरिकन शस्त्रकाराची हकिकत वाचनात आली आणि त्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे सापडले.

ब्राउनिंगचा जन्म 23 जानेवारी 1855 रोजी यूटा प्रांतातील ऑग्डेन गावी झाला. वडील जोनाथन हे मॉर्मन पंथाचे आणि धंद्याने बंदुका घडविणारे. त्यांना तीन बायका आणि बावीस मुले होती. घर मोठे, पैसा बेताचा. जॉनची शाळा फारशी झाली नाही. त्याची खरी शाळा म्हणजे वडिलांच्या दुकानातला भंगाराचा ढीग. त्या ढिगातले तुकडे जोडून त्याने दहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली बंदूक बनविली, असे त्याच्या घरचे सांगत. कागदावर आराखडे काढीत बसण्यापेक्षा पोलाद कापून थेट नमुना घडविणे त्याला अधिक जमे, आणि ही सवय जन्मभर टिकली.

1879 साल त्याच्या आयुष्यात मोठे ठरले. त्याच वर्षी वडील वारले, त्याचे लग्न झाले आणि एकनळी रायफलीचे त्याचे पहिले पेटंट मंजूर झाले. भावांना हाताशी धरून त्याने गावातच छोटा कारखाना उभारला. तिथली एक रायफल विंचेस्टर कंपनीच्या हाती पडली, तेव्हा कंपनीचे बेनेट हे अधिकारी 1883 मध्ये दूरचा प्रवास करून ऑग्डेनला आले. त्यांनी 8,000 डॉलर देऊन त्या रायफलीचे हक्क घेतले. पुढची एकोणीस वर्षे ब्राउनिंगने विंचेस्टरला एकामागून एक नमुने दिले. त्यांतले कित्येक कंपनीने कधी बनविलेच नाहीत. दुसऱ्याच्या हाती पडू नयेत म्हणून ते केवळ विकत घेऊन ठेवले.

1889 च्या सुमारास त्याच्या मनात एक विचार घोळू लागला. बार उडाला की नळीच्या तोंडाशी असलेले गवत वायूच्या झोताने लवते. ही शक्ती वाया का जावी? रिकामे टोपण बाहेर फेकून नवे काडतूस नळीत सारायला ती का वापरू नये? या विचारातून आधी मशीनगन आणि मग स्वयंभरण पिस्तुले जन्माला आली. पिस्तुलांत मात्र त्याने वायूच्या झोताऐवजी बाराचा मागे बसणारा धक्का कामाला लावला. त्याच्या पिस्तुलांची पेटंटे 1897 मध्ये मंजूर झाली. बेल्जियममधील लीएजजवळच्या एफ. एन. या कारखान्याशी त्याचे त्याच सुमारास सूत जमले. तिथे बनलेल्या पिस्तुलांनी असे नाव काढले, की युरोपात कित्येक ठिकाणी पिस्तुलालाच ब्राउनिंग म्हणू लागले.

इथे हवालदारसाहेबांचा प्रश्न पुन्हा पुढे येतो. स्वयंभरण पिस्तूल हे रिव्हॉल्व्हरसारखे नाही. रिव्हॉल्व्हरचे चक्र माणसाच्या बोटाने फिरते. स्वयंभरण पिस्तुलात मात्र काडतूस हेच इंजिन असते. बार कमजोर असला तर वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, पुरता मागे जात नाही आणि पिस्तूल अडते. बार फाजील असला तर तीच स्लाइड वेगाने येऊन सांगाड्यावर आदळते. म्हणून ब्राउनिंगने पिस्तूल आणि काडतूस यांची जोडीनेच घडण केली. बत्तीस, पंचवीस, तीनशेऐंशी, पंचेचाळीस ही पिस्तुलांची प्रसिद्ध काडतुसे त्याचीच. तेव्हा बंदूक आधी की काडतूस आधी, याचे उत्तर एकच : दोन्ही एकदम.

तो कसून परीक्षा घेणारा होता. 1911 च्या मार्चमध्ये अमेरिकन सैन्यापुढे त्याच्या पंचेचाळीसच्या पिस्तुलातून 6,000 गोळ्या झाडल्या गेल्या. ते एकदाही अडले नाही. त्याच महिन्यात सैन्याने ते स्वीकारले आणि 1985 पर्यंत तेच त्यांचे मुख्य पिस्तूल होते. या यशामागे आधीच्या दोषांची दुरुस्ती होती. कोल्ट कंपनीने 1900 मध्ये काढलेल्या त्याच्या अडतीसच्या पिस्तुलात स्लाइडला पुढच्या बाजूस एक आडवी पाचर अडवून धरी. ती पाचर तुटली किंवा बसवायची राहून गेली, तर स्लाइड मागे निसटून झाडणाऱ्याच्या तोंडावर येण्याचा धोका असे. 1911 च्या नमुन्यात त्याने रचनाच अशी बदलली, की स्लाइड मागच्या बाजूने निघूच शकत नाही.

26 नोव्हेंबर 1926 रोजी लीएजला, कारखान्यात काम चालू असतानाच, हृदयक्रिया बंद पडून तो गेला. त्याच्या नावावर 128 पेटंटे होती. 1914 मध्ये साराजेव्होला ऑस्ट्रियाच्या युवराजावर झाडलेल्या गोळ्याही त्याच्याच रचनेच्या पिस्तुलातून सुटल्या होत्या, हेही चरित्र सांगणाऱ्याने लपवू नये. त्याने सुरू केलेले एक पिस्तूल बेल्जियमच्या सैव्ह या शिष्याने 1935 मध्ये पुरे केले. आपल्या सैन्यासाठी ईशापूरच्या कारखान्यात बनलेले 9 मिलिमीटरचे पिस्तूल त्याच घराण्यातले.

खरी कसोटी त्याच्या मागे सुरू झाली. 1929 मध्ये कोल्टने अडतीस सुपर हे काडतूस काढले. आकाराने ते 1900 च्या जुन्या अडतीसच्या काडतुसासारखेच. जुन्या पिस्तुलात ते बिनबोभाट बसते. पण जुन्याचा कमाल दाब चौरस इंचाला 26,500 पौंड, तर सुपरचा 36,500. जे पिस्तूल पहिल्यासाठी घडले, त्यात दुसरे घालणे म्हणजे बैलगाडीला इंजिन जोडणे. घोटाळा टळावा म्हणून 1974 पासून सुपरच्या बुडावर अधिकचे चिन्ह व पी हे अक्षर छापू लागले. पण जो बूड वाचतच नाही त्याला त्याचा काय उपयोग? 9 मिलिमीटरचेही तसेच. ब्राउनिंग शॉर्ट, ब्राउनिंग लाँग आणि पॅराबेलम ही तीन निराळी काडतुसे आहेत; 9 हा आकडा तेवढा समान.

अमेरिकेत जुनी पिस्तुले बाळगणारे आणि रिकामी टोपणे पुन्हा भरणारे हौशी पुष्कळ आहेत. आपल्याकडे परवान्याविना काडतुसे बनविणे हा शस्त्र कायदा, 1959 प्रमाणे गुन्हा आहे. परंतु त्या हौशी लोकांची शिस्त जाणून घेण्यासारखी आहे. नळीवर कोरलेले नाव वाचायचे. जाणत्या कारागिराकडून नळी, सांधे आणि पाचर तपासून घ्यायची. शंभर वर्षांत ढिली पडलेली स्प्रिंग बदलायची, कारण ती थकली की योग्य काडतूससुद्धा सांगाड्याला ठोकरते. दारूचे माप छापील तक्त्याबाहेर जाऊ द्यायचे नाही. जास्त दारूचा धोका सर्वांना कळतो, पण फार कमी दारूही वाईट : गोळी नळीतच अडकते, आणि मागून दुसरी आली की नळी फुटते. जुन्या काळची काडतुसे झाडायची नाहीत. त्यांच्या टोपीतल्या पाऱ्याने पितळ ठिसूळ होते आणि क्षाराने नळी गंजते. एवढे करूनही शंका उरली, तर पिस्तूल कपाटात ठेवायचे.

मला वाटते, हा धडा केवळ पिस्तुलाचा नाही. प्रयोगशाळेतले उपकरण असो की गिरणीतला बॉयलर, करणाऱ्याने त्याला एक मर्यादा घालून दिलेली असते. तो जिवंत असतो तोवर ती सांगायला हजर असतो. पुढे ती एखाद्या कोरलेल्या अक्षरात, एखाद्या तक्त्यात उरते. ब्राउनिंग गेल्यानंतर तीनच वर्षांत त्याच्या जुन्या पिस्तुलात बसणारे पण त्याला न पेलणारे काडतूस बाजारात आले, आणि सावध करायला तो नव्हता. ते काम आता वाचणाऱ्याचे.

त्या शिबिराच्या शेवटच्या दिवशी गोळीबाराच्या मैदानावर माझ्या हाती काडतुसे दिली गेली, तेव्हा मी एक उलटे करून त्याचे बूड पाहिले होते. हवालदारसाहेबांनी ते पाहिले आणि काही न बोलता मान हलविली. त्या मान हलविण्याचा अर्थ मला ब्राउनिंग वाचल्यावर पुरता कळला.