हायरम बिंगहॅम (तिसरा)

हायरम बिंगहॅम (तिसरा) (१९ नोव्हेंबर, १८७५ : होनोलुलू - ६ जून, १९५६ : वॉशिंग्टन) हे अमेरिकन अध्यापक, प्रवासी व राजकारणी होते. पेरूमधील माचू पिक्चू हे इंका नगर त्यांच्यामुळे जगाला ठाऊक झाले.

इंकांची शेवटची राजधानी विल्काबांबा शोधण्यासाठी ते १९११ साली येल विद्यापीठाची मोहीम घेऊन पेरूत गेले. २४ जुलै रोजी मेल्चोर आर्तेआगा या शेतकऱ्याने एक सोल मजुरी घेऊन त्यांना उरुबांबा नदीकाठच्या डोंगरावर नेले. वर काही कुटुंबे इंकांनी बांधलेल्या पायऱ्यांच्या शेतांतच पिके घेत होती. त्यांच्यातील एका लहान मुलाने बिंगहॅम यांना अवशेष दाखवले. तेथील भिंतीवर आगुस्तिन लिसारागा या स्थानिक रहिवाशाचे नाव १९०२ या सालासह लिहिलेले होते. बिंगहॅम यांनी ते टिपणवहीत नोंदवले, मात्र पुढे शोधाचे श्रेय त्यांच्या एकट्याच्याच नावे रूढ झाले.

माचू पिक्चू हेच विल्काबांबा, असे ते अखेरपर्यंत मानत. ती राजधानी वास्तविक एस्पिरितू पांपा येथे होती आणि तेथील अवशेषही त्यांनी त्याच वर्षी पाहिले होते.

१९२४ ते १९३३ या काळात ते सिनेटर होते. त्यांच्या मोहिमांतून येलला गेलेल्या वस्तू पेरूच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर २०११-१२ मध्ये कुस्कोला परत आल्या.