मुक्या जिवांच्या कैवारी : मारिया डिकिन



मारिया डिकिन यांचा जन्म २२ सप्टेंबर १८७० रोजी लंडन येथे झाला. त्यांचे वडील मेथॉडिस्ट पंथाचे पाळक होते. लग्नानंतर मारियाबाई पूर्व लंडनमधील गोरगरिबांच्या वस्तीत जाऊ लागल्या. तेथे माणसांबरोबरच जखमी, खरजेने भरलेली जनावरे त्यांना दिसली. मालकांचे त्यांच्यावर प्रेम होते, पण उपचारासाठी पैसे नव्हते. १७ नोव्हेंबर १९१७ रोजी व्हाइटचॅपल भागातील एका तळघरात मारियाबाईंनी मोफत दवाखाना उघडला. पुढे गाड्यांमधून फिरते दवाखाने निघाले.

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. पाळीव प्राण्यांना खेडेगावी पाठवा, ते जमत नसेल तर त्यांना वेदनारहित मरण द्या, असा सरकारी सल्ला होता. लंडनवर अजून एकही बॉम्ब पडला नव्हता. तरी पहिल्याच आठवड्यात भीतीपोटी तेथील सुमारे चार लाख कुत्री-मांजरे मारण्यात आली. जीव वाचवण्यासाठी काढलेल्या दवाखान्यांपुढेही त्यासाठी रांगा लागल्या. मारियाबाईंच्या सेवकांना हे दुःखद काम आपल्या हातांनी करावे लागले.

परंतु त्या खचल्या नाहीत. १९४० मध्ये बॉम्बवर्षाव सुरू झाला, तेव्हा त्यांच्या संस्थेची बचाव पथके ढिगारे उपसत फिरत होती. एका पथकप्रमुखाची ब्युटी नावाची कुत्री स्वतःहून माती उकरू लागली आणि एका टेबलाखाली गाडले गेलेले मांजर सापडले. पुढे तिने एकूण ६३ प्राणी शोधले. युद्धकाळात या पथकांनी अडीच लाखांहून अधिक प्राण्यांना वाचवले. १९४३ साली मारियाबाईंनी शूर प्राण्यांसाठी पदक सुरू केले. १ मार्च १९५१ रोजी त्यांचे निधन झाले.

१९३९ साली लोक निर्दय नव्हते. संकटात जनावरांना कोठे न्यायचे, हे बहुतेकांनी आधी ठरवले नव्हते, म्हणून प्रेम असूनही त्यांचा हात मारण्यासाठी उठला. खड्ड्यात पडलेल्या बैलाला शब्बाथ दिवशीही वर काढावे, हे प्रभू येशूने गृहीतच धरले होते. पण त्यासाठी दोर हाताशी असावा लागतो!

पावसाळ्यापूर्वी आपल्या प्रत्येक समूहाने एक बैठक घ्यावी. कोणाकडे किती गाई-म्हशी, शेळ्या आहेत? उंचावरची जागा कोणती? चारा कोठे ठेवायचा? एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गोठ्यातील दावी कोण सोडणार? पाणी चढल्यावर दाव्याला बांधलेले जनावर पोहू शकत नाही.

परमेश्वर आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला धर्मगुरू