शाहूराजांचा विसरलेला कायदा

२६ जून आला की कोल्हापूरचा दसरा चौक गजबजतो. राजर्षी शाहू महाराजांच्या पुतळ्याला हार पडतात, चित्ररथ निघतात, भाषणे होतात. भाषणांत १९०२ चे पन्नास टक्के आरक्षण येते, वसतिगृहे येतात, राधानगरीचे धरण येते, गंगाराम कांबळे यांचे चहाचे हॉटेल येते, माणगावची परिषद येते. हे सगळे यायलाच हवे. पण २ ऑगस्ट १९१९ ही तारीख मी आजवर एकाही व्यासपीठावरून ऐकलेली नाही.

त्या दिवशी करवीर दरबाराने स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. बाईचा छळ करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दोनशे रुपयांपर्यंत दंड, अशी त्यात शिक्षा होती. आमच्याच व्यवसायातल्या कितीतरी वकील मंडळींना हा कायदा ठाऊक नाही. बायकोच्या छळाविरुद्धचा पहिला कायदा कोणता असे विचारले, तर उत्तर १९८३ चे मिळते, ४९८-अ चे मिळते. कोल्हापूरच्या राजाने त्याआधी ६४ वर्षे तो करून ठेवला होता, हे कोल्हापूरच्याच कोर्टाच्या आवारात सांगावे लागते.

हा राजा जन्माने कागलच्या घाटगे घराण्यातला. २६ जून १८७४ चा जन्म, नाव यशवंतराव. आई राधाबाई लहानपणीच गेल्या. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू झाले. दोन वर्षांत वडीलही गेले. राजकोट आणि धारवाड येथे शिक्षण झाले, १८९१ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीबाईंशी लग्न झाले आणि २ एप्रिल १८९४ रोजी, विशीत पाऊल ठेवण्याआधीच, राज्यकारभार हाती आला. पुढे पाचसहा वर्षांत वेदोक्त प्रकरण घडले. छत्रपतींच्या गादीवर बसलेला माणूससुद्धा पुरोहिताच्या लेखी शूद्रच, हा अनुभव त्यांनी स्वतः घेतला. हा इतिहास आपल्या वाचकांना पाठ आहे, म्हणून येथे थांबत नाही.

एवढेच सांगायचे की ज्या मनुस्मृतीने शूद्राला वेदांपासून तोडले, तिनेच बाईला बापाच्या, नवऱ्याच्या आणि मुलाच्या ताब्यात दिले. शूद्र आणि स्त्री यांना बांधणारी दोरी एकच, हे महात्मा फुल्यांनी ओळखले होते. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी त्यांनी आणि सावित्रीमाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, ते पदरचे पैसे घालून. शाहू महाराजांच्या हाती राज्य होते. फुल्यांनी दोन खोल्यांत जे केले, ते महाराजांनी राज्याच्या हुकमाने केले. १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला तो महाराजांच्याच पाठबळावर.

वकील म्हणून मला या कायद्यात सगळ्यात मोलाचे काय वाटते ते सांगते. शिक्षा किती, हे नव्हे. इंग्रजी मुलखात भारतीय दंड संहिता १८६० पासून होती आणि तिच्या ३२३ कलमाखाली साध्या मारहाणीलाही वर्षभराची कैद आणि हजार रुपये दंड होऊ शकत होता. म्हणजे कागदावर पाहिले तर इंग्रजांची शिक्षा शाहूंच्या शिक्षेपेक्षा मोठी. पण ते कलम रस्त्यावर भांडणाऱ्या दोन माणसांसाठी लिहिलेले होते. घरात मार खाणारी बाई ते कलम घेऊन जाणार कोणाकडे? फौजदार म्हणणार, घरची बाब आहे. जातीचे पंच म्हणणार, नांदायला जा. शाहू महाराजांच्या कायद्याने ‘स्त्री’ हा शब्द लिहिला, ‘क्रूरपणा’ हा शब्द लिहिला आणि घराच्या उंबऱ्याच्या आतला छळ हा दरबारचा गुन्हा ठरवला. चुलीजवळचा मार पहिल्यांदा सरकारदप्तरी आला.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. हा कायदा एकटा नव्हता. कोर्टात रोज येणारा अनुभव असा की मार खाल्लेली बाई तक्रार करते आणि आठ दिवसांनी तीच ती मागे घ्यायला येते. तिला खोटे ठरवणारे पुष्कळ असतात. माहेरची दारे बंद, हातात पैसा नाही, शिक्षण नाही, दुसरे लग्न केले तर समाज फाडून खाणार, मग ती जाईल कोठे? नुसता शिक्षेचा कायदा अशा बाईला पुरा पडत नाही. शाहू महाराजांनी तीनचार वर्षांच्या आत जे कायदे केले ते ओळीने मांडून पाहा. १९१७ मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा. त्याच वर्षी सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम. १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाला मान्यता. त्याच वर्षी काडीमोडीचा कायदा. तोवर काडीमोडीचा न्याय जातपंचायत करीत असे आणि पंचायतीत सगळे पुरुष. महाराजांनी ते काम पंचांच्या हातून काढून सरकारी न्यायाधीशाकडे दिले. आणि जानेवारी १९२० मध्ये जोगतिणी आणि मुरळ्यांसंबंधीचा कायदा. मुलगी देवाला सोडायची आणि माणसांनी तिला भोगायचे, या चालीला त्याने हात घातला. यल्लम्माच्या नावाने सोडलेल्या मुली कोणत्या वस्तीतल्या असत, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पुढे मुंबई प्रांताचा देवदासी कायदा यायला १९३४ साल उजाडले आणि महाराष्ट्र राज्याने नवा कायदा केला तो २००५ मध्ये.

म्हणजे छळ झाला तर शिक्षा, नांदणे अशक्य झाले तर सुटका, सुटल्यावर पुन्हा संसाराची वाट, आणि हे सगळे वाचता यावे म्हणून शाळा. एका बाईला उभी राहायला जे लागते ते सारे त्यांनी एका हप्त्यात दिले. सरकारे आजही हे तुकड्यातुकड्यांनी देतात.

महाराज देव नव्हते आणि त्यांचे देव्हारे करणे हा त्यांचा अपमान आहे. त्यांच्या स्वतःच्या वाड्यातही बालविवाह झाला. धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी यांचे लग्न १९१७ मध्ये झाले तेव्हा सून इंदुमती जेमतेम दहाअकरा वर्षांच्या होत्या. १२ जून १९१८ रोजी शिकारीत अपघात होऊन शिवाजी गेले आणि ती पोर विधवा झाली. राजघराण्याच्या रिवाजाप्रमाणे तिने पडद्याआड आयुष्य काढायचे होते. सासऱ्याने तिला सोनतळीच्या मुक्कामी ठेवून शिकवायला घेतले. वाड्यात याला विरोध झाला, पण ते बधले नाहीत. महाराजांच्या पश्चात त्या मॅट्रिक झाल्या. थोरल्या कन्या राधाबाई, म्हणजे आक्कासाहेब, देवासला दिल्या होत्या. तो संसार सुखाचा झाला नाही आणि त्या पुढे कोल्हापुरास येऊन राहिल्या. कायद्यामागे लेकीचे आणि सुनेचे दुःख होते असे मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्यापाशी नाही. पण बाईचे दुःख म्हणजे काय, हे या राजाला केवळ फायलीतून कळत नव्हते एवढे खरे.

मुलींच्या शिक्षणाची देखरेख त्यांनी रखमाबाई केळवकर यांच्याकडे सोपवली. त्यांच्या कन्या कृष्णाबाई डॉक्टर झाल्या आणि दरबारच्या दवाखान्यात रुजू झाल्या. बाईची जखम तपासायला बाई डॉक्टर असणे याचा अर्थ आजच्या वैद्यकीय दाखल्यावरून भांडणाऱ्या वकिलाला चांगला कळतो.

मार्च १९२० मध्ये माणगावला महाराजांनी बाबासाहेबांना आपल्या समाजाचे पुढारी म्हणून पुढे केले. त्याआधी ‘मूकनायक’ला अडीच हजार रुपयांची मदत दिली. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराज गेले. वय अवघे ४७. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली आणि पुढे कायदामंत्री म्हणून हिंदू कोड बिल आणले. घटस्फोट, वारसा, आंतरजातीय विवाह, कोल्हापुरात तीस वर्षांपूर्वी ज्याला हात घातला गेला होता तेच सारे ते देशाला देऊ पाहत होते. संसदेने ते अडवले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी राजीनामा दिला.

याच काळात एक विचित्र गोष्ट घडली, तिची कोणी दखल घेतली नाही. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानचे कायदे मागे पडले, मुंबईचे आले. विलीनीकरण योग्यच होते, संस्थानी राज्य कोणाला हवे होते? पण स्त्रियांच्या छळासाठी स्वतंत्र कायदा मुंबईकडे नव्हता. दंड संहितेत ४९८-अ यायला १९८३ साल लागले. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ मध्ये झाला आणि ऑक्टोबर २००६ मध्ये लागू झाला. म्हणजे जे संरक्षण करवीरच्या बाईला राजाने दिले होते, ते लोकशाहीत तिला परत मिळायला चौतीस वर्षे लागली.

आज कायदे कमी नाहीत. १ जुलै २०२४ पासून ४९८-अ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ कलमांनी घेतली आहे. २००५ च्या कायद्याने बाईला सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, संरक्षण अधिकारी दिला आहे, आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे मॅजिस्ट्रेटला सांगितले आहे. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितांसाठी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. आणि हे तर प्रत्येक वस्तीतल्या बाईला माहीत असले पाहिजे की १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे तिला सरकारी खर्चाने वकील मिळतो. तिचे उत्पन्न किती, हा प्रश्न तिला विचारताच येत नाही. प्रत्यक्षात साठ दिवसांचे काय होते ते तारखा घेत फिरणाऱ्या बायांना विचारा. संरक्षण अधिकारी आपल्या तालुक्यात कोण, हे तालुक्यातल्या किती जणांना सांगता येईल?

कोल्हापूरच्या मातीत ही आठवण अगदीच मेलेली नाही. मे २०२२ मध्ये, महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने नवरा मेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारला त्याच महिन्यात परिपत्रक काढावे लागले. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंचही कोल्हापुरात आले आहे. सिंधुदुर्गाच्या किंवा सोलापूरच्या बाईला अपिलासाठी मुंबईचा प्रवास उरला नाही.

माझी मागणी छोटी आहे. येत्या २ ऑगस्टला जिल्ह्यातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत दोन कागद शेजारी शेजारी लावावेत. एक, १९१९ च्या करवीर कायद्याची प्रत. दुसरा, त्या तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचे नाव, त्याच्या कार्यालयाचा पत्ता आणि फोन नंबर, मोठ्या अक्षरांत. जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचे निवेदन मी लिहून ठेवले आहे. सह्या हव्या आहेत.