मोटरीच्या पाटीवरचा घोडा : जेम्स वॅट आणि आपला एचपी

लोधीखेडा : संत्र्याची बाग सौंसर-पांढुर्ण्याकडची असो की सावनेर-काटोलकडची, विहिरीवरच्या मोटरीबद्दल पहिला प्रश्न एकच असतो, किती एचपीची? तीनची, पाचची की साडेसातची. एचपी म्हणजे हॉर्सपॉवर, घोड्याची ताकद. विजेच्या मोटरीत हा घोडा आणून बांधला जेम्स वॅटने. बल्बवर आणि इस्त्रीवर ज्याचं नाव छापलेलं असतं, तोच हा वॅट. पण त्याचं सगळं काम वाफेवरचं. विजेची मोटर जगात येण्याआधीच तो गेला.

वॅटचा जन्म 1736 चा, स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक गावचा. वडील जहाजांचं काम आणि व्यापार करायचे. पोराचा हात बारीक कामात चांगला, म्हणून तो लंडनला जाऊन वर्षभर मोजमापाची उपकरणं बनवायला शिकला. परत आल्यावर ग्लासगोत दुकान टाकायला गेला, तर तिथल्या कारागिरांच्या संघाने नाही म्हटलं. सात वर्षांची उमेदवारी केलेली नाही, हे कारण. शेवटी 1757 मध्ये तिथल्या विद्यापीठानेच आपल्या आवारात त्याला कामाला जागा दिली.

त्या जागेत 1763-64 च्या सुमारास न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनाचं एक छोटं मॉडेल दुरुस्तीला आलं. खाणीतलं पाणी उपसायला तेव्हा हीच इंजिनं वापरत. म्हणजे वाफेचं इंजिनही वॅटने शोधलेलं नाही, ते आधीपासून होतं. वॅटने त्यातली गळती पकडली. एकच सिलिंडर दर फेरीला तापवायचा आणि लगेच पाणी मारून थंड करायचा, यात बहुतेक कोळसा वाया जात होता. 1765 मध्ये त्याला तोड सुचली. वाफ थंड करायला वेगळं भांडं ठेवायचं, सिलिंडर कायम गरमच राहू द्यायचा. 1769 मध्ये पेटंट मिळालं.

पण पैसा कुठून आणायचा? पोटासाठी वॅट कालव्यांच्या मोजणीची कामं करत फिरला. 1773 मध्ये बायको गेली. पहिला भागीदार दिवाळखोर झाला. 1775 मध्ये बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन भागीदार झाला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

दोघांचा धंदा मोठा हिशोबाचा होता. खाणवाल्याला जुन्या इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल, त्याचा तिसरा हिस्सा हे घ्यायचे. पुढे चाक फिरवणारी इंजिनं आली आणि गिरण्या, दारूच्या भट्ट्या गिऱ्हाईक झाल्या. तिथे आधी घोडे जुंपलेले असत. वाचलेला कोळसा मोजणार कसा? मालकाला तर एवढंच कळायचं होतं, की हे इंजिन किती घोड्यांचं काम करतं.

म्हणून वॅटने घोडा मोजला. घाणीला जुंपलेला घोडा किती जोर लावतो, तासाला किती फेऱ्या मारतो, याचं गणित करून त्याने आकडा ठरवला, मिनिटाला 33,000 फूट-पौंड. आपल्या भाषेत सांगायचं तर सुमारे 76 किलोचं पोतं सेकंदाला 1 मीटर वर उचलणं. साधा घोडा दिवसभर एवढं काम करू शकत नाही. पण बिल लावायला माप मिळालं.

1800 मध्ये वॅटने धंद्यातून अंग काढलं. 25 ऑगस्ट 1819 ला तो वारला. 1882 मध्ये ब्रिटिश वैज्ञानिकांच्या संस्थेपुढे विल्यम सीमेन्सने विजेच्या शक्तीच्या एककाला त्याचं नाव सुचवलं. 1 व्होल्टला 1 अँपिअर करंट वाहिला की 1 वॅट. आणि 1 एचपी म्हणजे 746 वॅट.

आता आपल्या विहिरीवर येऊ. 5 एचपी म्हणजे 3,730 वॅट, पण हे मोटर बाहेर देते ते काम. मोटरची कार्यक्षमता 85 टक्के धरली, तर लाईनवरून ती सुमारे 4,390 वॅट ओढते. म्हणजे तासाला जवळपास 4.4 युनिट.

करंट काढायला आणखी एक गोष्ट लागते, पॉवर फॅक्टर. हीटरला व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की वॅट मिळतात. मोटरचं तसं नाही. तिचा काही करंट चुंबकत्व तयार करायला नुसता ये-जा करतो, काम करत नाही. म्हणून थ्री फेजला 1.732 गुणिले व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले पॉवर फॅक्टर, असा हिशोब. पॉवर फॅक्टर 0.8 आणि व्होल्टेज 415 धरलं, तर आपली मोटर 7.6 अँपिअरच्या आसपास घेते.

रात्री व्होल्टेज 350 वर आलं की? पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून बाकी आकडे तेच धरले तर करंट 9 अँपिअरवर जातो. वायंडिंगची उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास 40 टक्के जास्त. मोटर जळते ती इथे. स्टार्टरचा ओव्हरलोड रिले पाटीवरच्या अँपिअरप्रमाणे लावलेला असेल तर मोटर आधीच बंद पडते आणि वाचते. पाणी येत नाही म्हणून तोच रिले वाढवून ठेवला, की मोटर रिवाइंडिंगला गेलीच समजा.

पैशाचंही तसंच. मध्य प्रदेशात मीटर नसलेल्या शेतीपंपाचं बिल एचपीवर लागतं. महाराष्ट्रात 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आहे, तिथेही रेघ एचपीवरच ओढलेली. दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी वॅटने गिऱ्हाइकाकडून पैसे घ्यायला केलेलं माप आजही सीमेच्या दोन्ही बाजूंना बिल ठरवतं. म्हणून आपल्या मोटरची पाटी एकदा पुसून वाचा. एचपी, व्होल्ट, अँपिअर वहीत लिहून ठेवा. मोटर रिवाइंड करून आणली, की वायरमनकडून क्लॅम्प मीटर लावून घ्या आणि करंट पाटीशी ताडून पाहा. लोड तपासायला कोणी आलं, तर आपला आकडा आपल्या हातात पाहिजे.