गोसाब्याचे स्कॉटिश जमीनदार : सर डॅनियल हॅमिल्टन

सर डॅनियल मॅकिनन हॅमिल्टन यांचा जन्म १८६० साली स्कॉटलंडजवळच्या अॅरन नावाच्या बेटावर झाला, आणि त्यांचे नाव टिकून राहिले ते बंगालमधल्या एका बेटावर, सुंदरबनातील गोसाब्यात. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात ते नाहीत. माझे बाबा सैन्यात आहेत आणि सध्या त्यांचे पोस्टिंग कोलकात्याला आहे, म्हणून दिवाळीच्या सुटीत मला हे नाव कळले. नंतर शाळेत परत आल्यावर मी त्यांच्याबद्दल जेवढे मिळेल तेवढे वाचले.

आधी अॅरनविषयी थोडे सांगायला हवे. त्या काळी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर जमीन मोजक्या मोठ्या जमीनदारांची असे आणि शेतकरी त्यांची कुळे असत. मेंढ्यांच्या लोकरीला भाव आला तसे अनेक जमीनदारांनी कुळांना उठवले आणि रानात मेंढ्या सोडल्या. अॅरनवरही हे घडले. १८२९ साली तेथील कितीतरी कुटुंबे जहाजात बसून कायमची कॅनडाला गेली. म्हणजे डॅनियल जन्मले तेव्हा या गोष्टीला तीसच वर्षे झाली होती आणि ते पाहिलेली माणसे बेटावर असणारच. त्यांच्या मनावर याचा परिणाम झाला का, हे मी सांगू शकत नाही, पण पुढे त्यांनी जे केले ते वाचताना मला सारखे हेच आठवत होते.

वयाच्या विसाव्या वर्षी ते मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीत लागले. ही कंपनी १८४७ पासून कोलकात्यात होती आणि ब्रिटिश इंडिया या मोठ्या जहाज कंपनीचा कारभार पाहत असे. कोलकात्यातील अशा कंपन्या बहुतेक स्कॉटिश लोकांच्याच होत्या. ताग, चहा, कोळसा, जहाजे, सगळीकडे तेच. हॅमिल्टन चढत चढत कंपनीच्या प्रमुखपदी पोहोचले आणि खूप श्रीमंत झाले. या भागात मला फारसे नवल वाटले नाही. तसे श्रीमंत झालेले साहेब कोलकात्यात पुष्कळ होते आणि बहुतेक जण पैसे घेऊन मायदेशी परतले.

१९०३ मध्ये त्यांनी सरकारकडून सुंदरबनातील सुमारे ९,००० एकर जमीन घेतली. जमीन म्हणजे काय, तर खारफुटीचे जंगल, चिखल, वाघ आणि मगरी. गोसाबा, रांगाबेलिया आणि नंतर सातजेलिया अशी ही बेटे. आजही तिथे जायला सियालदाहून लोकलने कॅनिंग, तिथून गाडीने गदखाली आणि मग होडीने विद्या नदी ओलांडावी लागते. नदीचे पाणी खारे असते आणि दिवसातून दोनदा भरती येते. भरतीचे पाणी शेतापेक्षा उंच चढते, हे मी स्वतः पाहिले. बांधावर उभे राहिले की एका बाजूला पाणी वर आणि दुसऱ्या बाजूला भात खाली दिसते.

आमच्याबरोबर आजोबा होते. आमचे गाव अलिबाग तालुक्यात आहे आणि आमची थोडी खारजमीन आहे, त्यामुळे त्यांना बंगला वगैरे पाहण्यात काही रस नव्हता. ते सरळ बांध बघायला गेले. पाणी बाहेर सोडण्याची उघाडी कुठे आहे, माती कुठून काढतात, उधाणाला खांड गेली तर कोण धावतो, हे त्यांनी मोडक्यातोडक्या हिंदीत तिथल्या एका शेतकऱ्याला विचारले. अर्ध्या तासात दोघे जुने ओळखीचे असल्यासारखे बोलू लागले. खाऱ्या जमिनीचे काम सगळीकडे एकच असते. आधी बांध घालायचा, मग झाडे तोडायची, मग दोनतीन पावसाळे गोड्या पाण्याने मीठ धुऊन जाऊ द्यायचे, आणि तेव्हा कुठे भात लावायचा. पिण्यासाठी पावसाचे पाणी साठवणारे तलाव खोदायचे. आणि हे एकट्यादुकट्या शेतकऱ्याला जमत नाही, कारण बांध एका जागी फुटला तरी सगळ्यांचे शेत जाते.

हॅमिल्टन यांनी मेदिनीपूर, खुलना, ओडिशा आणि छोटा नागपूर अशा ठिकाणांहून भूमिहीन माणसे आणली. जातिभेद बाजूला ठेवून एकत्र काम करायचे, अशी त्यांची अट होती असे तिथे सांगतात. दुसरी गोष्ट म्हणजे सावकाराला बेटावर जागा नव्हती. ही गोष्ट आपल्या लोकांना लगेच कळेल. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतेच जाळली होती. हॅमिल्टन यांच्या मते बंगालच्या शेतकऱ्याचा खरा शत्रू वाघ नसून व्याज होते. पण सावकार नको म्हटले तर बियाणे, बैल यांना पैसा कुठून येणार? १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला होता. त्याचा आधार घेऊन १९१६ मध्ये गोसाब्यात पहिली सहकारी पतसंस्था सुरू झाली. मग सहकारी भांडार, १९२४ मध्ये मध्यवर्ती सहकारी बँक आणि १९२७ मध्ये भाताची गिरणी. आपल्याकडे प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० चा आहे, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

मला सर्वांत आवडली ती त्यांची नोट. १९३६ मध्ये त्यांनी गोसाब्यापुरती स्वतःची एक रुपयाची नोट काढली. ही नोट घेऊन सहकारी भांडारात गेले की रुपयाचा तांदूळ, कापड किंवा तेल मिळे. त्यामागचा हिशेब असा : सरकारी पैसा गावात नाही म्हणून काम अडते, पण काम करणारे हात तर आहेत. मग हातांच्या भरवशावर नोट काढायची, तिने मजुरी द्यायची, आणि तयार झालेला तलाव, बांध, घर हीच तिच्यामागची संपत्ती. आमच्या वर्गात मी हे सांगितले तेव्हा दोघांनी विचारले की मग प्रत्येकानेच नोट का छापू नये. माझे उत्तर असे की भांडारात तांदूळ होता म्हणून ती चालली. तांदूळ नसता तर तो नुसता कागद होता.

त्याआधी, १९३२ च्या डिसेंबरअखेर, रवींद्रनाथ टागोर गोसाब्याला येऊन राहिले होते. त्यांनी स्वतः श्रीनिकेतनमध्ये खेड्यांचे काम सुरू केलेले होते, म्हणून त्यांना हे पाहायचे होते. ते ज्या बंगल्यात उतरले तो अजून आहे.

तरीही एक गोष्ट मला लिहायलाच हवी. हॅमिल्टन चांगले होते, पण ते जमीनदारच होते. खंड त्यांनाच जाई आणि नोटेवर वचनही त्यांच्याच नावाचे होते. त्याच काळात, १९३३ पासून, आमच्या अलिबाग तालुक्यात चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी खोतांविरुद्ध संप करून सहा वर्षे जमीन पेरली नाही. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. आजोबांच्या मते गोसाब्याची कुळे नशीबवान, कारण त्यांना संप करावा लागला नाही. मला वाटते चरीच्या लोकांनी जे मिळवले ते त्यांचे स्वतःचे होते. गोसाब्यात मालक बदलला असता तर? यावर आमचा वाद होडीत सुरू झाला तो कॅनिंग स्टेशनपर्यंत संपला नाही.

आणि मालक बदललाच. डिसेंबर १९३९ मध्ये सर डॅनियल वारले. त्यांना मूल नव्हते. पत्नी लेडी मार्गारेट मागे राहिल्या आणि गोसाब्याची जमीन पुतण्याकडे गेली. पण रोज बांधावर लक्ष ठेवणारा, सरकारला पत्रांमागून पत्रे लिहिणारा माणूस गेला होता. सहकारी संस्था हळूहळू दुबळ्या झाल्या. १९५३ मध्ये पश्चिम बंगालने जमीनदारी संपवणारा कायदा केला आणि जमीनदार हे नातेच उरले नाही.

स्कॉटलंडमध्येही त्यांची मोठी जमीन होती, वायव्य किनाऱ्यावर बालमकारा येथे. लेडी हॅमिल्टन यांनी ती १९४६ मध्ये नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या संस्थेला दिली आणि ती आजही त्यांच्याकडे आहे. तिथे अजून लहान शेतकरी शेती करतात.

गोसाब्याचे बांध मातीचेच आहेत. २५ मे २००९ रोजी आयला चक्रीवादळात सुंदरबनातले बांध ठिकठिकाणी फुटले आणि खारे पाणी शेतांत शिरले. आजोबांशी बोलणाऱ्या त्या शेतकऱ्याने बांधावरूनच हाताने दाखवले, पाणी कुठपर्यंत आले होते ते. त्याच्या शेतात पुन्हा पूर्वीसारखा भात यायला तीन पावसाळे गेले.