गुरूने जपलेली स्मृती

डॉ. आनंदीबाई जोशी आम्हां महाराष्ट्राबाहेरील मराठीजनांना विशेष जवळच्या. बंगालमधील श्रीरामपुरास राहून १८८३ साली त्या कलकत्त्याहून अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात अधिष्ठात्री रेचेल बॉडली त्यांना गुरुस्थानी लाभल्या. १८८६ साली आनंदीबाई डॉक्टर झाल्या; पण कोल्हापूरच्या रुग्णालयातील नियोजित कार्य हाती घेण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, अवघ्या एकवीस वर्षांच्या असता पुण्यास निवर्तल्या.

त्याच वर्षी पंडिता रमाबाईंच्या हिंदू स्त्रीविषयक इंग्रजी ग्रंथास प्रस्तावना लिहिताना बॉडलीबाईंनी या शिष्येचे स्मरण केले. त्या ग्रंथाने अमेरिकेत सहानुभूती जागविली. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले. ते पाहण्यास बॉडलीबाई उरल्या नव्हत्या. शोकालाही कार्याची वाट दाखविणाऱ्या या गुरूस आम्ही आदराने वंदन करतो.